उपनय राहून जातो

फेब्रुवारीतला शनिवार होता. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलाशी अकरावीतली एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. आदल्या रात्री पडलेलं बर्फ अंगणात तसंच होतं, आणि दाराशी काढून ठेवलेल्या तिच्या बुटांखालचं पायपुसणं भिजत होतं. चाळीस मिनिटांत तिने एक निबंध टाइप केला. वेळ संपल्यावर स्क्रीन माझ्याकडे वळवली. विषय होता गांधीजींनी मार्च १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेलं पत्र. आपलं म्हणणं पोचवण्यासाठी गांधीजींनी या पत्रात भाषेचा वापर कसा केला आहे, ते तिला उलगडून दाखवायचं होतं.

निबंध नीटनेटका होता. इंग्रजी तर तिचं माझ्यापेक्षाही सहज. दुसऱ्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, की गांधीजी आयर्विनना मित्र म्हणतात, त्यातून आदर दिसतो, आणि त्यामुळे त्यांचं म्हणणं परिणामकारक होतं.

"मग काय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"मित्र म्हटलं, आदर दिसला. पुढे?"

"मावशी, लिहिलंय ना. इफेक्टिव्ह झालं."

बहुतेक मुलं याच शब्दापाशी थांबतात. मी पुण्यात बारा वर्षं इंग्रजी शिकवलं आणि आता बरीच वर्षं इथे शिकवण्या घेते. ती ज्या परीक्षेचा सराव करत होती तिच्या शिकवणीतला निम्म्याहून जास्त वेळ मुलांना या एका शब्दाच्या पुढे नेण्यात जातो.

परीक्षेचं पूर्ण नाव 'एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन'. मुलं नुसतं 'एपी लँग' म्हणतात. एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होणारी परीक्षा द्यायची, आणि गुण चांगले पडले तर पुढे अनेक कॉलेजांत त्याचं क्रेडिट मिळतं किंवा पहिल्या वर्षाचा लेखनाचा कोर्स सुटतो. प्रत्येक कॉलेजाचा नियम वेगळा असतो, त्यामुळे ज्या कॉलेजांवर डोळा आहे त्यांचे नियम आधी बघून ठेवावेत. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५०च्या दशकापासून या परीक्षा चालवते. इंग्रजीच्या आता दोन परीक्षा आहेत. 'लिटरेचर'मध्ये कविता, कथा, कादंबरी, नाटक येतं. ती बहुतेक मुलं बारावीत देतात. 'लँग' १९८० पासून वेगळी झाली. तिच्यात भाषणं, पत्रं, निबंध, वर्तमानपत्री लेख असं ललितेतर गद्य असतं. दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं ती देतात आणि त्यांतली बहुतेक अकरावीतली असतात.

नावात 'इंग्लिश' असल्यामुळे आपल्याकडच्या आईवडिलांचा हमखास गैरसमज होतो. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं: "त्याचं ग्रामर चांगलं आहे, फक्त व्होकॅब्युलरी वाढवून द्या." हे मला समजतं, कारण आम्हीही असंच शिकलो. 'माझा आवडता ऋतू', 'मी पंतप्रधान झालो तर', 'विज्ञान शाप की वरदान'. मार्गदर्शकातला निबंध पाठ करायचा, सुरुवातीला सुविचार, शेवटाला सुविचार, मधे चार अलंकारिक वाक्यं पेरायची. गुण पडायचे. ते सगळं टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. त्याने कानाला भाषेची लय लागली. पण एपी लँगमध्ये शब्दसंपत्तीला गुण नाहीत. व्याकरणालाही वेगळे गुण नाहीत. चुकांमुळे अर्थच कळेनासा झाला तर मात्र वरचा गुण जातो. तपासणाऱ्यांना सांगितलेलं असतं, की हा घाईत लिहिलेला कच्चा खर्डा आहे असं समजून वाचा आणि जे साधलं आहे त्याचे गुण द्या.

मग गुण कशाचे? प्रत्येक निबंधाला सहा. त्यांतला एक थीसिसचा, म्हणजे ज्याच्याशी कोणी मतभेद दाखवू शकेल अशी ठाम भूमिका मांडण्याचा. नुसता प्रश्न उलटा करून लिहिला तर तो मिळत नाही. एक गुण ज्याला ते 'सॉफिस्टिकेशन' म्हणतात त्याचा. विषयातला गुंता ओळखण्याचा. तो फार थोड्यांना मिळतो. उरलेले चार 'एव्हिडन्स अँड कॉमेंटरी'चे: पुरावा द्या, आणि तो पुरावा तुमच्या म्हणण्याला कसा आधार देतो ते सांगा. सगळे पुरावे नेमके आणले पण जोड काही ठिकाणीच सांगितला तर तीनपर्यंत जाता येतं. शेवटपर्यंत सातत्याने जोडत नेलं तर चार. ही सहा गुणांची पद्धत २०१९-२० या शालेय वर्षापासून आली. त्याआधी निबंध एकसंध वाचून नऊपैकी गुण देत. मला विचाराल तर नवी पद्धत शिकवायला सोपी आहे, कारण मूल कुठे अडतंय ते बोट ठेवून दाखवता येतं. आणि ते जवळजवळ नेहमी त्या चार गुणांत अडलेलं असतं.

मुलांना हे समजावताना मी न्यायशास्त्रातला डोंगर आणि धूर काढते. गौतमाच्या न्यायसूत्रांत दुसऱ्याला पटवून देण्याच्या वाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच, आगीशिवाय नसणाऱ्या धुराने युक्त आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. मुलांना हे फार आवडतं, कारण ही माणसं दोन हजार वर्षांपूर्वी नेमका त्यांचाच प्रश्न सोडवत होती. प्रतिज्ञा म्हणजे थीसिस. हेतू आणि उदाहरण मिळून एव्हिडन्स. आणि उपनय म्हणजे कॉमेंटरी: स्वयंपाकघरातली गोष्ट डोंगरापर्यंत आणून लावायची. एकदा हे डोक्यात बसलं, की मूल स्वतःच आपल्या परिच्छेदावर पेन्सिलीने प्र, हे, उ अशी अक्षरं लिहायला लागतं आणि चौथ्या जागी काहीच नाही हे त्यालाच दिसतं. प्रतिज्ञा, हेतू, निगमन. आग आहे, धूर दिसला, म्हणून आग आहे. इफेक्टिव्ह झालं.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची अशीच फोड केली. दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारं, बहुतेकदा न बोललेलं गृहीतक. अमेरिकेतल्या लेखनाच्या वर्गांत त्याची पद्धत खूप शिकवतात. पण माझ्या टेबलावर डोंगर जास्त चालतो.

आता त्या पत्राकडे. २०१९च्या एपी लँगच्या प्रश्नपत्रिकेत या पत्राचा शेवटचा भाग खरोखरच आला होता. परीक्षेतल्या तीन निबंधांपैकी हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न, 'रेटॉरिकल अॅनालिसिस'. लेखकाचं म्हणणं बरोबर की चूक हे इथे सांगायचं नसतं. त्याने कोणासमोर, कोणत्या प्रसंगी, काय साधण्यासाठी कोणते निर्णय घेतले, हे दाखवायचं असतं. इतर वर्षी इथे मार्गारेट थॅचर यांनी रोनाल्ड रेगन यांना वाहिलेली श्रद्धांजली आली आहे, अॅबिगेल अॅडम्स यांनी १७८० मध्ये मुलाला लिहिलेलं पत्र आलं आहे, बालमजुरीविरुद्ध फ्लोरेन्स केली यांनी १९०५ मध्ये केलेलं भाषण आलं आहे. मूल इथे पहिली चूक करतं ती अलंकार मोजण्याची. उपमा आहे, अनुप्रास आहे, प्रश्नार्थक वाक्य आहे. शाळेत ईथॉस, पॅथॉस, लोगॉस हे अॅरिस्टॉटलचे तीन शब्द शिकवलेले असतात, तेही डब्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांसारखे चिकटवले जातात.

म्हणून आम्ही निबंध बाजूला ठेवला आणि फक्त त्या माणसाचा विचार केला. तारीख २ मार्च १९३०. जागा साबरमती आश्रम. लिहिणारा साठ वर्षांचा, आधी तुरुंगात जाऊन आलेला. वाचणारा ब्रिटिश सम्राटाचा हिंदुस्थानातला प्रतिनिधी. लिहिणाऱ्याला कायदा मोडायचा आहे, आणि तो मोडण्याआधी तारखेसकट सरकारला कळवतो आहे. "कोणता गुन्हेगार असं करतो?" मी विचारलं. ती हसली. म्हणाली, "जो गुन्हेगार नाही तो."

"हे लिही."

मग पुढे गेलो. गांधीजी म्हणतात, माझ्या पत्राने तुमचं हृदय हललं नाही तर या महिन्याच्या अकराव्या दिवशी मी आश्रमातल्या सहकाऱ्यांना घेऊन मिठाचा कायदा मोडायला निघेन. मला अटक करून तुम्ही बेत उधळू शकता हे मला माहीत आहे. माझ्यामागे हजारो लोक शिस्तीने हे काम उचलतील अशी आशा आहे. आणि मग म्हणतात, ही धमकी नाही, सविनय प्रतिकार करणाऱ्याचं हे साधं आणि पवित्र कर्तव्य आहे.

"पण धमकी आहे ना ही?" तिने विचारलं.

शिकवणीत असा क्षण आला की मी गप्प बसते. ती पुन्हा वाचत गेली. मग हळूहळू बोलली: तारीख आहे, माणसं आहेत, अटकेनंतरचाही बेत आहे, म्हणजे धमकीत लागतं ते सगळं आहे. फक्त धमकी देणारा स्वतःचं काही राखून ठेवत नाही. तो आपला पुढचा डाव विरोधकाच्या हातात देतो. म्हणून आयर्विनने अटक केली तर तो क्रूर दिसेल, नाही केली तर हतबल दिसेल. 'मित्र' हा शब्द इथे कामाला येतो. मित्राला कोणी असं सापळ्यात पकडत नाही, त्यामुळे हा सापळा वाटू नये याची काळजी त्या शब्दाने घेतली आहे.

ती बोलत असताना मी तिचंच वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि समोर ठेवलं. हा उपनय होता. शब्दापासून त्याच्या कामापर्यंतचा रस्ता. तिला तो येत होता. लिहिताना मात्र तिला वाटलं होतं, की हे न सांगताही कळण्यासारखं आहे.

त्याच पत्राचा मधला भाग परीक्षेत नव्हता, पण मी तो मुलांना नेहमी वाचायला देते, कारण आकड्याने युक्तिवाद कसा करावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. गांधीजी आयर्विनचा पगार काढतात. महिन्याला २१,००० रुपयांहून जास्त, म्हणजे दिवसाला सातशेहून जास्त. समोर ठेवतात हिंदी माणसाची सरासरी रोजची मिळकत, दोन आण्यांपेक्षाही कमी. म्हणजे पाच हजारपटींहून जास्त. आणि लगेच सांगतात, की तुमच्याबद्दल माणूस म्हणून मला इतका आदर आहे की तुम्हाला दुखवण्याची माझी इच्छा नाही. हा दोष व्यवस्थेचा आहे. इथे डबे लावायला गेलं तर चिठ्ठी कोणती लावणार? आकडा लोगॉस, दोन आणे पॅथॉस, आदर ईथॉस, तिन्ही एका परिच्छेदात. मुलांना हे दिसलं की चिठ्ठ्या लावण्याचा नाद आपोआप सुटतो.

मी पहिल्यापासून अशी शिकवत नव्हते. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झाली. तो हुशार होता आणि संकोची. आठवड्याला एक निबंध पाठवायचा, मी तो रात्री बसून लाल करायची. वाक्यं फिरवायची, जोड घालायची, शेवट नीट करायची. तो ते सगळं प्रामाणिकपणे उतरवून काढायचा. मार्चपर्यंत त्याचे निबंध सुरेख झाले होते, आणि त्याच्या आईला आणि मला दोघींना वाटलं, पोरगं तयार झालं. जुलैमध्ये निकाल लागला, पाचपैकी दोन. तो मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, पहिलं वाक्य लिहायलाच वीस मिनिटं गेली. ते निबंध माझे होते. त्याला कुठे जोड घालावा हे कळलंच नव्हतं, कारण जोड घालायची वेळ आली की मी पुढे होत होते. त्या मुलाचं एक वर्ष मी वाया घालवलं, हे मला अजून लागतं.

त्यानंतर मी मुलांच्या निबंधात एकही शब्द लिहीत नाही. समासात फक्त प्रश्न लिहिते. 'कशावरून?' 'मग काय?' 'हे कोणासाठी?' आणि कधीतरी 'हे खरं आहे का?' सुरुवातीला मुलं वैतागतात. आईवडील जास्त वैतागतात, कारण पैसे देऊन लाल पेनाचं काम मिळत नाही असं त्यांना वाटतं. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये एक लेख लिहिला होता. एकास एक शिकवणीतली मुलं वर्गातल्या सरासरी मुलापेक्षा फारच पुढे जातात, असा त्याचा निष्कर्ष. इतका मोठा फरक नंतरच्या अभ्यासांत दिसला नाही, पण शिकवणीने फरक पडतो हे त्यांतही दिसलं. माझा अनुभव असा, की तो फरक उत्तर मिळण्याने पडत नाही. अडल्या ठिकाणी त्याच क्षणी कोणी प्रश्न विचारतं, याने पडतो. तीस जणांच्या वर्गात शिक्षकाला तेवढंच जमत नाही.

परीक्षेचा साचाही सांगायला हवा. एकूण सव्वातीन तास. पहिल्या तासात ४५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांचं वजन ४५ टक्के. निम्मे उताऱ्याच्या आकलनाचे, निम्मे कोणाच्या तरी कच्च्या लिखाणात सुधारणा सुचवण्याचे. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नये. या भागासाठी सराव पुरतो, शिकवणीचे पैसे त्यावर घालवू नयेत. दुसऱ्या भागात तीन निबंध, सव्वादोन तासांत, त्यांतली पंधरा मिनिटं वाचनासाठी. म्हणजे एका निबंधाला साधारण चाळीस मिनिटं. २०२५ पासून सगळं संगणकावर, ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये. अक्षर वाईट म्हणून घाबरणाऱ्या मुलांची त्यातून सुटका झाली, पण टाइप करताना विचार न करता लांबण लावण्याची सवय वाढली आहे. म्हणून मी अजूनही पहिली पाच मिनिटं कागद-पेन्सिल घ्यायला लावते. २०२० मध्ये करोनामुळे घरून परीक्षा झाली तेव्हा बोर्डाने बाकी सगळं काढून पंचेचाळीस मिनिटांचा एकच निबंध ठेवला होता, आणि तो रेटॉरिकल अॅनालिसिसचा होता.

तीनांतला पहिला निबंध 'सिंथेसिस'. हा प्रकार २००७ मध्ये आला. एका विषयावरचे सहाएक स्रोत देतात, त्यांत एखादा तक्ता किंवा चित्रही असतं, आणि किमान तीन वापरून आपली भूमिका मांडायची. २०१९ मध्ये पवनचक्क्यांचा विषय होता. मुलं इथे स्रोतांचा सारांश लिहीत बसतात. अ म्हणतो असं, ब म्हणतो तसं. मी सांगते, हे सहा जण तुमच्या घरी जेवायला आले आहेत असं समजा. नुसतं कोण काय म्हणालं ते लिहून काय उपयोग? दोघांना एकमेकांशी बोलतं करा, एकाला अडवा, आणि शेवटी यजमान म्हणून तुमचं मत सांगा. हा निबंध चार-पाच वेळा लिहिला की बऱ्यापैकी जमतो.

तिसरा 'आर्ग्युमेंट', आणि मला सर्वांत जास्त प्रिय. इथे उतारा नसतो, आधार नसतो. एक छोटा विचार देतात आणि म्हणतात, तुझं मत मांड, पुरावे तुझ्या वाचनातून, अनुभवातून आण. २०१९च्याच प्रश्नपत्रिकेत विषय होता, वाजवीपेक्षा मोठी मानली जाणारी, 'ओव्हररेटेड' अशी तुम्हाला वाटणारी एक गोष्ट निवडून आपलं मत समजावून सांगा. एका मुलाने निवडला पहिला नंबर. पुरावा म्हणून त्याने आईचं उदाहरण घेतलं. आई दहावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली होती. पेपरात फोटो आला होता, पेढे वाटले होते, ते पिवळं पडलेलं कात्रण अजून घरातल्या फाइलमध्ये आहे. पुढे आयुष्यात कोणीही तिला तिचा नंबर विचारला नाही. म्हणून नंबर ओव्हररेटेड.

उदाहरण सुंदर होतं. इथली बहुतेक मुलं रोझा पार्क्स आणि आइन्स्टाइन आणतात, कारण घरचं उदाहरण परीक्षेत चालणार नाही असं त्यांना वाटतं. चालतं. नेमकं असेल तर फार चांगलं चालतं. पण मी समासात लिहिलं, 'हे खरं आहे का?' तो घरी गेला आणि आईशी बोलला. पुढच्या आठवड्यात त्याने आणलेला निबंध वेगळाच होता. आई म्हणाली होती, त्या कात्रणामुळे आजोबांनी तिला पुण्याला शिकायला पाठवलं. त्याआधी गावातून एकही मुलगी गेली नव्हती. मग पुणे, मग इंजिनिअरिंग, मग अमेरिका. आता त्याच्या दाव्याचं काय करायचं? त्याने दावा टाकला नाही, बदलला. नंबर काही सांगत नाही असं त्याने म्हटलं नाही. ज्याला इतर कोणी दार उघडत नाही त्याच्यासाठी नंबर हे दार असतं, आणि ज्याच्यापुढे दारं आधीच उघडी आहेत, जसा तो स्वतः, त्याच्या बाबतीत नंबराला दिलेली किंमत फुगवलेली असते. हेच ते दुर्मीळ सॉफिस्टिकेशन. 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' हे वाक्य घातलं की तो गुण मिळतो असं पुष्कळ क्लासवाले सांगतात. तो असा मिळत नाही. आपल्याच पुराव्याने आपल्याला अडवू दिलं की मिळतो.

शिकवणी किती लावावी, असं पालक विचारतात. इथे ती महाग आहे आणि सगळ्यांना परवडणारी नाही. परीक्षेची फीच शंभर डॉलरच्या आसपास जाते, कमी उत्पन्नाच्या घरांना तीत सवलत मिळते. माझं प्रामाणिक मत असं, की सप्टेंबरपासून आठवड्याला एक तास हे मार्च-एप्रिलमधल्या वीस तासांपेक्षा कितीतरी चांगलं, कारण प्रश्न विचारण्याची सवय मुरायला वेळ लागतो. आणि पैसे नसतील तर अडू नये. मागच्या अनेक वर्षांचे निबंधाचे प्रश्न कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांच्यासोबत खऱ्या मुलांनी लिहिलेले नमुना निबंध, प्रत्येकाला मिळालेले गुण, आणि ते का दिले याची कारणंही आहेत. हा खजिना आहे, आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांनीही तो उघडलेला नसतो. मी पहिल्या महिन्यात मुलांना निबंध लिहायलाच लावत नाही. तीन नमुने देते, गुण झाकून, आणि म्हणते, तूच रीडर हो. जूनमध्ये देशभरातले शाळेचे आणि कॉलेजचे शिक्षक हे निबंध तपासायला बसतात, एकेकाला मोजकी मिनिटं मिळतात. तशीच मिनिटं लावून गुण दे. मग झाकलेला आकडा बघ. दोघीतिघी मैत्रिणींनी एकत्र बसून हे केलं, तर निम्मी शिकवणी तिथेच होते. दुसऱ्याचा राहून गेलेला उपनय आपल्याला चटकन दिसतो.

मार्चमध्ये एकदा गांधीजींच्या पत्रावर लिहिणाऱ्या त्या मुलीला प्रश्नार्थक वाक्याबद्दल सांगताना मी टिळकांचा अग्रलेख काढला होता. १८९७, प्लेगच्या दिवसांनंतरचा केसरी, मथळा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तिला मराठी वाचता येतं, सावकाश. मी विचारलं, हा प्रश्न कोणाला विचारलाय? ती म्हणाली, सरकारला. मी म्हटलं, सरकार केसरी वाचून उत्तर देणार आहे का? मग ती म्हणाली, नाही, वाचकाला विचारलाय. सरकार फक्त ऐकतंय. तिथे तो विषय संपला होता, निदान मला तसं वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती पुन्हा गांधीजींचं पत्र घेऊन आली, आपणहून. परीक्षेला दोन आठवडे होते. घड्याळ लावून नव्याने लिहायला बसली. मधेच थांबली.

"मावशी, आयर्विनने उत्तर काय दिलं?"

"त्यांच्या सचिवाने दिलं. चार ओळींचं. खेद वाटतो म्हणून."

"मग पत्र फसलं."

मी काही बोलले नाही. तिने पत्राचा शेवट परत वर ओढला. तिथे गांधीजी म्हणतात, तुम्हाला माझ्याशी चर्चा करायची असेल आणि तोवर हे पत्र प्रसिद्ध करू नये असं वाटत असेल, तर तार करा, मी थांबेन. तिने ती ओळ पिवळी केली. बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे ते छापणारच होते," ती म्हणाली. "केसरीसारखं. मग 'मित्र' आयर्विनसाठी नाहीच फक्त. जे लोक नंतर पेपरात वाचणार, त्यांनी बघावं की आपण आधी नीट विचारलं होतं. आणि पत्र एका इंग्लिश माणसाच्या हाती पाठवलं, तेही लोकांनी बघावं म्हणून."

"रेजिनाल्ड रेनॉल्ड्स," मी म्हटलं. "पण नाव लिहायची गरज नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं उरली होती. शेवटचा परिच्छेद तिने पूर्ण पुसला आणि पुन्हा टाइप करायला लागली.